पुरे गुण

१

चिमणाबाई मेल्या त्या दुपारी त्यांच्या खोलीच्या दारावरचे तिन्ही ठिपके हिरवे होते. ताट रिकामं परत गेलं म्हणून एक, मागितलं ते लगेच मिळालं म्हणून दुसरा आणि अंथरूण कोरडं म्हणून तिसरा. त्या हिशेबानं राजारामपुरीतल्या ‘सांजओटा’ शुश्रूषागृहात त्या दिवशी चिमणाबाईंइतकी उत्तम सेवा दुसऱ्या कुणालाच मिळाली नव्हती. फक्त ती घ्यायला त्या जिवंत नव्हत्या.

हे ठिपके आणले होते अफसाना मुजावरनं. शहरातल्या अशा शुश्रूषागृहांना एक न्यास मदत करायचा आणि कोण किती कार्यक्षम आहे हे मोजून द्यायचं काम अफसानाकडे होतं. पूर्वी ती कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. तिचे वडील अशाच एका जागी गेले, आणि ते गेल्याचं तिथल्या लोकांना संध्याकाळी चहा द्यायला आल्यावर कळलं. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच पक्कं बसलं होतं, की ज्याला कुणी मोजत नाही त्याच्याकडे कुणी बघत नाही. म्हणून तिनं मोजायला घेतलं. हिरवा, पिवळा, तांबडा, आणि त्यावरून प्रत्येकीला गुण. आंधळ्यालाही कळेल इतकं सोपं.

दुसऱ्या दिवशी ती पोचली तेव्हा फाटकात चिमणाबाईंचा मुलगा आकाराम उभा होता. पेठ वडगावचा बागायतदार, आडवा बांधा, आणि आवाज असा की समोरच्या क्लासमधली पोरं खिडकीत आली होती.

“डाक्टर म्हणतोय घास नळीत अडकला. अडकला का अडकिवला?” तो ओरडला. “माझी आई मरताना नाव सांगून गेलीया, बाई! साकू, साकू म्हणतच गेली. ऐकणारी पोरगी आत हाय, इचारा तिला!”

सांजओट्यात साकू नावाची बाई एकच होती.

२

“तुम्ही काय ते शोधा आणि न्यासाला कळवा,” व्यवस्थापिका अनुजा इंगवले म्हणाल्या. बाई पुण्याच्या, बोलणं इस्त्री केलेलं. “आकाराम उद्या दुखवट्याचं जेवण आटोपलं की साकूबाईच्या नावानं फिर्याद देणार आहेत. तुमच्या तपासात तीच निघाली तर मी तिला एक दिवस ठेवणार नाही. पोलीस तर तिची वाटच बघताहेत.”

“चिमणाबाई कशा होत्या?”

“गरीब हो. अंगावरून वारं गेलं तेव्हापासून बोलणं सगळं तुटलं होतं. दोन-चार शब्द तेवढे उरले होते. बेड, बेड करत राहायच्या. म्हणजे त्या ब्याड म्हणायच्या, खेड्यातलं माणूस, पण आम्हाला कळायचं. आंघोळीला उठवलं की बेड. टीव्ही लावला की बेड. बेडवर पडल्या पडल्यासुद्धा बेड.”

“बेडवर असताना बेड कशाला?”

“पाठीकडचा भाग खाली करा, असं असेल. दांडा फिरवला की होतो तो सपाट. आम्ही लगेच करायचो. तुमचा दुसरा ठिपका, मागणी ताबडतोब पुरी.” अनुजाबाई जरा अभिमानानं हसल्या. “आणि पैशाची काळजी फार होती त्यांना. पोरी केस विंचरायला बसल्या, की तंगी, तंगी म्हणून त्यांच्या गालावरून हात फिरवायच्या. वाईट वाटायचं.”

“पेठ वडगावला त्यांचा एवढा ऊस असून तंगी?”

“म्हातारपणी बसतं एकेक डोक्यात,” अनुजाबाईंनी हात झटकले. “ते जाऊ द्या. साकूबाईचं बोला. सगळ्यांत वाईट ठिपके तिचे आहेत. ताटं अर्धी परत येतात. चिमणाबाईंवर तर दातच होता तिचा. ही म्हातारी माझं वाटोळं करणार, असं परवा सगळ्यांसमोर म्हणाली.” त्या पुढे झुकल्या. “आणि त्या दुपारी चिमणाबाईंना भरवायची पाळी तिचीच होती.”

३

साकूबाई गच्चीवर चादरी वाळत घालत होती. मूळची गगनबावड्याकडची, काटक, आणि कपाळावर कायमची आठी. हिच्या हातचा घास आपण तरी खाल्ला असता का, असा प्रश्न अफसानाला तिच्याकडे बघूनच पडला.

“मी काय देवमाणूस न्हाय, ताई,” साकूबाईनं मागं न बघताच सुरुवात केली. “मला कटाळा येतो. म्हातारं माणूस, एक घास अर्धा घंटा चघळतंय. ती पूर्णिमा गोड बोलून बोलून चारती. मला न्हाय जमत ते. त्वांड मिटलं की मी ताट उचलतो. मग तुमचा तांबडा ठिपका लागतोय.”

“वाटोळं करणार म्हणालात त्यांना?”

“म्हटलं की. माझं गुण तिच्यापायी जात हुतं. आता नवरा न्हाय, पोर न्हाय, भाड्याची खोली हाय. ही नोकरी गेली तर मी कुठं जायाचं? तुरुंगातच जायाचं, तिथं जेवाण तरी देत्यात.” ती हसली आणि पुढची चादर झटकून दोरीवर टाकली.

“त्या दुपारी काय झालं?”

“चार घास चारलं. तिनं त्वांड मिटलं. ब्याड म्हणाली. मी म्हटलं, झोप बाई, आणि ताट ठेवून वर आलो. तिला खाली बी केली न्हाय, बसल्याली हुती तशीच ठेवली. तेवढा बी उरक केला न्हाय, खरं सांगतो.”

“ताटात किती उरलं होतं?”

“अर्ध्याच्या वर.”

अफसानानं दारावरचे त्या दुपारचे ठिपके येतानाच स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. पहिला हिरवा होता. ताट रिकामं परत गेलं होतं.

“मग उरलेलं कुणी भरवलं?”

साकूबाई आता कुठं वळली. तिच्या चेहऱ्यावरची आठी पहिल्यांदाच गेली होती आणि तिथं नुसती भीती होती.

४

“मी भरवलं, ताई,” पूर्णिमा म्हणाली. लपवायचं तिच्या मनातही नव्हतं.

पूर्णिमा पन्हाळ्याकडची, लग्नाच्या वयाची, सगळ्या शुश्रूषागृहाची लाडकी. तिच्या खोल्यांवर तांबडा ठिपका कधी लागला नव्हता. अफसाना दुसऱ्या संस्थांमध्ये गेली की हिचंच उदाहरण द्यायची. रडून रडून पोरीचे डोळे सुजले होते.

“साकूमावशीचं ताट अर्धं परत जाणार, मजल्याचे गुण जाणार, म्हणून मी आत गेले. आज्जी बसल्या होत्या. मी दोन-चार घास दिले. मग ब्याड, ब्याड करायला लागल्या. मी म्हटलं, एवढं संपवूया आज्जी, मग करते बेड खाली. शेवटचे दोन घास दिले आणि लगेच दांडा फिरवला. अजिबात वेळ लावला न्हाय, ताई.”

“मग?”

“मग त्यांनी हात वर केला. असा.” तिनं तळहात पुढं करून दाखवला. “दाराकडं. साकूमावशी त्याच दारानं गेली होती ना. आणि साकू, साकू म्हणाल्या. माझ्याकडं बघून तंगी म्हणाल्या. आणि मग घशात घरघर सुरू झाली. मी पाठीवर थापटलं, डॉक्टरांना हाका मारल्या…” तिनं बाहीनं डोळे पुसले. “साकूमावशीनं आधी काय कोंबलं असंल का हो तोंडात? मला असं कुणाबद्दल बोलायचं न्हाय. पर आज्जी खोटं कशाला बोलतील मरताना?”

अफसानानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. पोरीचा शब्दन् शब्द खरा होता, हे तिला कळत होतं, आणि म्हणूनच जीव घाबरा होत होता. कारण राग साकूचा, पाळी साकूची आणि मरणाऱ्या बाईच्या तोंडात नावही साकूचंच. गच्चीवरची ती कावलेली बाई खुनी वाटत नव्हती, पण वाटण्यावर कुणी सुटत नाही. तिला सोडवायला अफसानाजवळ एकही गोष्ट नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती पेठ वडगावच्या बसमध्ये बसली. फिर्याद दोन दिवस थांबवा, एवढंच आकारामला विनवायचं होतं.

५

आकारामच्या सोप्यात पंगत बसली होती. चिमणाबाईंच्या माहेरचे लोक दुखवटा घेऊन आले होते, कर्नाटकातून, अथणीकडून. आकारामनं अफसानाला बघितलं, पण दारात आलेल्या माणसाला दुःखाच्या घरीही उपाशी परत पाठवत नाहीत. “बसा, पावणं,” तो घुश्शातच म्हणाला, आणि तिच्यापुढं ताट आलं.

शेजारी पांढऱ्या फेट्याचा एक म्हातारा बसला होता. चिमणाबाईंचा धाकटा भाऊ, भरमाप्पा.

“आमची चन्नव्वा,” तो म्हणाला. “चिमणा हिकडचं नाव. लग्नात बदललं. सासूला आमचं नाव बी आवडत न्हवतं आणि आमची बोली बी. पोरगी हिकडं आली आणि हिकडचीच झाली.”

“तुम्ही मराठी चांगलं बोलता, मामा.”

“आमी सीमंवरची माणसं. दोनी बोलताव.”

आकाराम भाताचं भांडं घेऊन आला. मामाच्या ताटात एक वाढप पडलं, दुसरं पडायला लागलं. मामानं तळहात पुढं करून ताटावर आडवा धरला.

“साकु, साकु! ब्याड, ब्याड!”

मामाचं बोलणं नेहमीसारखं कानाआड करून आकारामनं आग्रह म्हणून त्या हाताच्या कडेनं भात वाढलाच. मामा मान हलवून आत बघत आकारामच्या बायकोला म्हणाला, “तंगी, वाईच पाणी आण गं.”

अफसानाचा घास हातातच राहिला. सोप्यातली माणसं जेवत होती, बोलत होती, कुणाचंही लक्ष नव्हतं. तिला वाटलं, आपण नीट ऐकलंच नसेल, आणि नीट ऐकलं नसेल तर फार बरं होईल.

“मामा, आत्ता काय म्हणालात तुम्ही?”

“काय न्हाय. पुरं म्हटलं. आमच्यात साकु म्हंजे पुरं.”

“आणि ब्याड?”

“नगो.”

“तंगी?”

“धाकली भन. लाडानं कुठल्याबी पोरीला म्हणताव.” म्हाताऱ्यानं तिच्याकडं निरखून बघितलं. “का वो? जेवायचं का थांबलासा?”

६

सगळ्यांना तिनं अनुजाबाईंच्या कचेरीत बसवलं. न्यासाचे प्रमुख राजवीर आले होते, आकाराम होता, साकूबाई भिंतीला टेकून उभी होती. पूर्णिमेला आणू नये असं अफसानाला फार वाटत होतं. पण एकीला सोडवायचं तर दुसरीला ऐकवावं लागणार होतं आणि त्यातून वाट नव्हती.

“चिमणाबाईंनी कुणाचंही नाव घेतलं नाही,” तिनं सांगितलं. “त्यांच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा मराठी गेली. ती लग्नानंतर आलेली भाषा. राहिलं ते माहेरचं कानडी. त्या ब्याड म्हणायच्या म्हणजे नको म्हणायच्या. आंघोळ नको, टीव्ही नको. बेडवर पडलेलं माणूस बेड कशाला मागेल, हे आपण एकमेकांना विचारलं होतं, मीही विचारलं होतं, आणि मिळालं ते उत्तर मानून पुढं गेले. ऊस असलेल्या बाईला तंगी कसली, हेही विचारून सोडून दिलं. तंगी म्हणजे धाकटी बहीण. म्हणून तर त्या फक्त पोरींनाच म्हणायच्या, मुलाला कधी म्हणाल्या नाहीत.”

आकारामनं तोंड उघडलं आणि मिटलं. “आई कानडी बोलायची?” तो एवढंच म्हणाला. “माझ्या जन्मात मी ऐकलं न्हाय.”

“घरात बोलू दिलं नव्हतं त्यांना.” अफसाना थांबली. पुढचं बोलताना तिनं पूर्णिमेकडं बघायचं टाळलं. “त्या दुपारी साकूबाईंनी चार घास दिले. चिमणाबाईंनी नको म्हटलं. साकूबाईंना कंटाळा आला आणि त्या निघून गेल्या. त्यांना बसलेलं तसंच ठेवून गेल्या, आणि तोवर चिमणाबाई सुखरूप होत्या. मग ताट पुरं करायला पूर्णिमा आली. त्या पुन्हा नको म्हणाल्या. तिनं बेड ऐकलं. घास तोंडात होता, गिळायची ताकद नव्हती, आणि मागितलं म्हणून बेड ताबडतोब सपाट झाला. आडव्या पडलेल्या तोंडातला भात कुठं जाणार? त्यांनी तळहात पुढं केला. पुरे, पुरे म्हणाल्या. तो हात दाराकडं नव्हता. पुढचा घास अडवायला होता.”

बाहेर रिक्षावाला कुणाला तरी शिव्या घालत होता, ते सगळ्यांना स्पष्ट ऐकू येत होतं.

“म्हंजे मी मारलं?” पूर्णिमानं विचारलं.

“नाही गं. तुला माहीत नव्हतं.”

“पर भरवलं मीच ना? झोपवलं मीच ना?” ती हळू आवाजात, अभ्यास समजावून घ्यावा तशी विचारत होती. “आणि त्या मला बहीण म्हणत होत्या.”

अफसानाला आरोपी सापडायला हवा होता. एखादा दुष्ट माणूस, म्हणजे त्याला धरता आलं असतं. इथं दुष्ट कुणी नव्हतंच. कामचुकार बाईच्या हातात म्हातारी जगत होती आणि मायाळू पोरीच्या हातात गेली.

“हे ठिपके मी आणले,” ती राजवीरना म्हणाली. “ताट रिकामं करा, मागितलं ते विचार न करता द्या, हे मी शिकवलं. नको म्हणायचा ठिपका मी ठेवलाच नाही. अहवालात हेच लिहिणार आहे.”

राजवीरनी समजुतीनं मान हलवली. भला माणूस होता आणि त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

“लिहा. कारण सापडलं, हे महत्त्वाचं. आता उपायही करू. सगळ्याच शुश्रूषागृहांना लागू होईल असा.” त्यांनी अनुजाबाईंकडं पाहिलं. “ज्यांची भाषा आपल्या माणसांना कळत नाही, त्यांची सेवा कार्यक्षम होऊच शकत नाही. बरोबर?”

“पण सर, उपाय म्हणजे—”

“मग ते घ्यायचेच कशाला?” राजवीर म्हणाले.

७

आकारामनं फिर्याद दिली नाही. कुणाच्या नावानं द्यायची, हेच त्याला कळेना. तो आईचं गाठोडं घ्यायला आला तेव्हा साकूबाईनं ते फाटकापर्यंत उचलून दिलं आणि दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही. पूर्णिमा पगारही न घेता गावी गेली. अफसाना दोनदा पन्हाळ्याकडे तिच्या घरी जाऊन आली. पोरगी समोर येऊन बसली, चहा मात्र आईनं आणला. तिची आई म्हणाली, ही हल्ली कुणाला काही वाढतच नाही.

अफसाना राजवीरशी भांडली. कानडी जाणणारी एक बाई ठेवा, म्हणाली. जेवताना माणूस काय बोलतं ते ऐकायलाच कुणीतरी ठेवा, म्हणाली. राजवीरनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्याला दर माणशी वेळ किती लागेल?” ते तिलाच मोजायला सांगितलं. तिनं मोजलं. कार्यक्षमता एवढी घसरली की पुढं कुणी विषय काढला नाही.

पुढच्या फेरीला ती सांजओट्यावर गेली तेव्हा साकूबाई फाटकात खुर्ची टाकून बसली होती. अंगावर नवी साडी, गळ्यात ओळखपत्र. भरवायच्या कामातून काढून अनुजाबाईंनी तिला इथं नेमलं होतं. नवीन माणूस आलं की आत घ्यायच्या आधी त्याच्याशी चार शब्द मराठीत बोलायचे आणि उत्तर आलं तरच आत घ्यायचं.

समोर रिक्षा थांबलेली होती. निपाणीकडचा एक माणूस आईला दंडाला धरून उतरवत होता. म्हातारीच्या अंगावर स्वच्छ इरकल, केस तेल लावून चापून बसवलेले. पोराच्या घरी बघणारं कुणी नसावं, आणि आईला मात्र कुणाकडं तरी पाहुणी निघाल्यासारखं नटवलेलं होतं.

“आज्जी, नाव काय तुमचं?” साकूबाईनं विचारलं.

म्हातारी गोड हसली.

“गाव कंचं?”

म्हातारीनं मान डोलावली आणि पुन्हा हसली.

“तिला कळतंय सगळं,” मुलगा घाईनं म्हणाला. “बोलत न्हाय एवढंच. तरास देणार न्हाय वो. चार ठिकाणी फिरून आलोय. सगळीकडं ह्योच नियम सांगत्यात.”

साकूबाईनं म्हातारीकडं बघितलं, मग मान खाली घातली. “न्हाय जमायचं, पावणं.”

“साकूबाई,” अफसाना पुढं झाली, “घ्या त्यांना आत. मी बोलते अनुजाबाईंशी.”

“बोलून काय हुतंय, ताई?” साकूबाईचा आवाज चढला नाही. “आत घेतलं तर माझी नोकरी जाती. तुम्हीच वाचीवलासा की मला. आता परत कशाला मारतासा?”

त्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती खरंच उपकार मानत होती. मुलानं आईला पुन्हा रिक्षात बसवलं. कुठं न्यायचं ते त्याला सांगता येईना, म्हणून रिक्षावाल्यानं नुसतीच वळवून घेतली. म्हातारीला वाटलं भेट झाली, निघालो. तिनं वळून दोघींना हात जोडले.

दोघींनीही हात जोडले. मग अफसाना आत गेली आणि पहिल्या खोलीपासून ठिपके बघायला लागली. सगळे हिरवे होते.